दोरीच्या आतली दारू

तोमे आजी पडली ती पिंपाच्या शिडीवरून नव्हे. बेचाळीस वर्षं तिने देवळाच्या दारूघरात शिडीवर उभं राहून पुरुषभर उंच पिंपात लाकडी वल्हं फिरवलं, तेव्हा तिला कधी साधं खरचटलंही नाही. आणि सप्टेंबरातल्या एका सकाळी चहा पिऊन ती बसायच्या उशीवरून उठायला गेली, तर खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, नेमकं काय करत होतात? "काहीच नाही," आजी म्हणाली. "तेच चुकलं."

दुसऱ्या दिवशी तांदूळ वाफवायचा होता.

हिनोसावा गावच्या देवाला ऑक्टोबरच्या जत्रेत दोबुरोकु लागते. ही दारू गाळायची नाही, पिळायची नाही. वाफवलेला भात, बुरशी धरलेला भात आणि झऱ्याचं पाणी पिंपात एकत्र राहतात, भांडतात, फसफसतात आणि महिनाभरात जे काय व्हायचं ते होतं. पांढरी, दाट, गढूळ, शितासकट. ती प्यायची थोडी आणि चावायची जास्त. घरी असलं काही लावलं तर सरकार पकडून नेतं, पण देवळाला परवाना आहे. परवान्याची अट एकच: थेंबही देवळाच्या आवाराबाहेर जाता कामा नये. पोटात घालून नेली तर चालते. त्यामुळे जत्रेच्या दिवशी गावची माणसं एकशे सत्याऐंशी पायऱ्या चढून वर जातात, आणि उतरताना मात्र त्या पायऱ्या प्रत्येकाला वेगवेगळ्या भरतात.

तर तांदूळ वाफवायचा होता आणि आजी दवाखान्यात. राहिली कोण, तर इकुए, आजीची सून. एकतीस वर्षं ती दारूघरात येत होती. फडकी धुवायची, चुलीत लाकडं घालायची, शिडी धरायची. शिडी धरलेल्या माणसाला वल्हं फिरवणाऱ्याचे फक्त पाय दिसतात. इकुएला सासूच्या पोटऱ्यांवरून कळायचं, आज पिंपाची तब्येत कशी आहे. बाकी आजीने तिला काही शिकवलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

आता शिकवायचं तर फोनवरून. आणि देवाने घेण्याआधी दारू चाखायची नाही हा रिवाज, त्यामुळे आजी कायम कानानेच दारू करत आलेली. रोज सकाळी इकुए शिडीवर चढायची आणि फोन पिंपाच्या तोंडाशी धरायची. पलीकडे आजी डोळे मिटून ऐकायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईने नर्सला विचारलं म्हणे, यांच्याशी रोज बोलतं कोण? नर्स म्हणाली, "घरचंच कुणीतरी असेल. फार बोलत नाही, नुसतं बुडबुड करतं."

नवव्या दिवशी आजी फोनवर म्हणाली, "फार भराभर बोलतेय. बर्फाचा हंडा सोड."

हंडा म्हणजे पत्र्याचा, झाकणाचा. त्यात बर्फ भरून तो पिंपात बुडवला की दारू गार होते आणि शहाण्यासारखी वागते. इकुएने हंडा भरला, शिडीवर चढली आणि आत पाहिलं. पांढरा फेस हळूहळू वर येत होता, फुटत होता, परत येत होता. पिकलेल्या नासपतीचा वास येत होता. दारू खुशीत होती. खुशीत असलेल्या कुणाला गार करणं इकुएला कधी जमलं नव्हतं. नवऱ्याच्या बाबतीतही जमलं नव्हतं, आणि त्याचे परिणाम ती एकतीस वर्षं भोगत होती. ती खाली उतरली. हंडा तिने फरशीवर ठेवला, जरा आवाज होईल असा.

"सोडला?" फोनमधून आजी.

"हो, आई."

घरात ती अधूनमधून खोटं बोलायची, सगळेच बोलतात. पण दारूघरात हे पहिलंच. त्यानंतरचे तीन आठवडे तिला नीट झोप लागली नाही.

ऑक्टोबर उजाडला. आजी घरी आली, म्हणजे तिला आणून ठेवलं. तालुक्याहून बटणावर वरखाली होणारी चाकांची खाट भाड्याने आली, आणि ती व्हरांड्यालगतच्या मोठ्या खोलीत मांडली. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे उठायचं नाही, बसायचं नाही, मान तेवढी वर केलीत तर चालेल. आजीने मान वर केली ती डॉक्टर जाईपर्यंत खाली केली नाही.

जत्रेला दहा दिवस उरले तेव्हा देवळाच्या बैठकीच्या खोलीत चार माणसं बसली. गोंदा पुजारी. देवस्थानचे अध्यक्ष हायासाका, सत्तरीचे, कशालाही आधी 'नाही' म्हणून मग विषय विचारणारे. कर कचेरीतले नुकुई साहेब, जे सहा वर्षं जत्रेच्या दिवशी देवळाच्या कमानीत उभं राहून कुणाच्या बाहीत बाटली तर नाही ना हे बघत आले होते. आणि चहा द्यायला म्हणून गेलेली आणि मग बसूनच राहिलेली इकुए.

नुकुई साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "नमुना सात. दारू करणारी व्यक्ती बदलली की भरायचा. जुन्या व्यक्तीने नव्या व्यक्तीची दारू स्वतः चाखायची, आणि 'योग्य' किंवा 'अयोग्य' या चौकोनात आपला शिक्का उमटवायचा. जत्रेच्या दिवशी सूर्यास्तापर्यंत. नाही उमटला तर परवाना रद्द."

"रद्द म्हणजे?" पुजाऱ्यांनी विचारलं.

"म्हणजे पुढच्या वर्षीपासून नाही. पुन्हा मिळणार नाही. नवे परवाने देणं बंद आहे."

"मग चाखवू की," हायासाका म्हणाले. "कुपीभर घेऊन जा, इकुए, सासूला पाज आणि शिक्का आण."

"कुपीभर आवाराबाहेर नेता येणार नाही," नुकुई म्हणाले.

"मग तोमे आजीला वर आणा."

"डॉक्टर उठू देत नाहीत," इकुए म्हणाली. "झोपवून आणायचं म्हटलं तर त्या म्हणतात, आडवी होऊन देवापुढे जायला मी अजून मेले नाही."

बाहेर कुणीतरी झाडत होतं.

"म्हणजे साहेब," पुजारी सावकाश म्हणाले, "तुमच्याच एका नियमाप्रमाणे तिने चाखलीच पाहिजे, आणि दुसऱ्या नियमाप्रमाणे तिला चाखता येणार नाही."

"दोन्ही नियम बरोबर आहेत," नुकुई म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर सहानुभूतीचा होता. "ते एकमेकांना भेटतील असं कुणाला वाटलं नसावं."

हायासाकांनी डोकं खाजवलं. "पोटातून नेलेली चालते ना? मग तोंडातून? मी घोट घेतो, गिळत नाही, तसाच खाली जातो..."

"आणि मग?" इकुएने विचारलं.

हायासाकांनी 'मग'चा विचार केला आणि चहा प्यायला घेतला.

"तोंडातली दारू," नुकुई पानं उलटत म्हणाले, "प्राशन झालेली धरावी की वाहतुकीत धरावी, याचा उल्लेख नाही. मी वर विचारू शकेन. उत्तर मार्चपर्यंत येईल."

इकुए त्या कागदाकडे बघत होती. दोन छोटे चौकोन. तिच्या मनात भलतंच चाललं होतं. सासूने चाखू नये असं तिला वाटत होतं, कारण चाखली की हंड्याचं कळणार. आणि सासूने चाखलीच पाहिजे असंही वाटत होतं, कारण नाही चाखली तर एकतीस वर्षं शिडी धरली ती कशासाठी, हे कुणालाच कधी कळलं नसतं. शिवाय गावची दारू बंद पडणार, ती तिच्या हातून.

"पालखी," ती म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. जत्रेच्या दिवशी देव पालखीत बसून गावातून फिरतो. मध्ये एकदा टेकतो.

"देव जिथे टेकतो," इकुए चहाच्या किटलीशी बोलावं तशी म्हणाली, "तिथे दोरी बांधतात. दोरीच्या आत देऊळच असतं ना, पुजारीबुवा?"

"असतं," पुजारी म्हणाले, आणि मग सरसावून बसले. "असतंच."

नुकुई साहेबांनी पानं उलटली, परत उलटली. "परवान्यात आवाराची व्याख्या आहे: देवळाच्या कुंपणाच्या आतली जागा, आणि मिरवणुकीत देव टेकेल ती जागा. देवाला वाहिलेली मोहोरबंद दारू देवाबरोबर जाऊ शकते. पण टेकायची जागा नोंदलेली आहे. शेतकी सोसायटीची गाड्या लावायची जागा."

"ती आमची नोंद," पुजारी म्हणाले. "देवाची नाही. भोई पालखी नेत नाहीत, साहेब. देव नेतो. जिकडे ओढेल तिकडे. शंभर वर्षांमागे देव न्हाव्याच्या दुकानात शिरला होता. संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. देवळाच्या वहीत आहे."

"वहीत आहे?" नुकुई साहेबांचे कान टवकारले. "बघता येईल?"

वही आली. जुन्या शाईतल्या त्या चार ओळी नुकुई साहेबांनी ज्या मायेने वाचल्या, तशी लोक नातवंडांची पत्रं वाचतात. मग त्यांनी वही मिटली. "पूर्वी घडलेलं आहे, म्हणजे घडू शकतं. पण एक लक्षात घ्या. आधी ठरवून नेलंत तर ती खोटी नोंद होईल. देवाने आपणहून जायला हवं. याविषयी कुणी कुणाशी बोललेलं मला चालणार नाही. आत्ता आपण बोललो तेही मी ऐकलेलं नाही."

त्या दिवसापासून गावात या विषयावर कुणी अक्षर काढलं नाही. पालखीचे चोवीस भोई, त्यांना कुणी काही सांगितलं नाही, आणि ते ऐकून त्यांनीही काही विचारलं नाही. इकुएचा नवरा तेत्सुओ पुढून तिसरा भोई. त्याने रविवारी व्हरांड्याची सगळी सरकती दारं काढून परसात उभी केली.

"काय करताय?" इकुएने विचारलं.

"हवा येत नाही घरात."

"ऑक्टोबरात?"

"ऑक्टोबरातच," तेत्सुओ म्हणाला, आणि फाटकाचा एक खांब उपटायला गेला.

खांब गंजलेला नव्हता, पण त्याला तो तसा दिसत होता. मंगळवारी नुकुई साहेब तालुक्याहून आले, सहज, हवा खायला. फाटकापाशी थांबून त्यांनी खिशातला टेप काढला, फाटक मापलं, आणि पालखीच्या दांड्यांची रुंदी किती असते हो, असं आकाशाकडे बघत विचारलं. तेत्सुओने आकाशाकडे बघतच उत्तर दिलं. साहेब म्हणाले, "दुसरा खांबही गंजलाय."

फक्त तोमे आजीला कुणी काही सांगितलं नाही. ती गार वाऱ्यात चार रजया घेऊन पडली होती आणि दर तासाला विचारत होती, या घरात दारं होती ती कुठे गेली.

जत्रेच्या सकाळी देवापुढे पहिली वाटी ठेवली. मग इकुएने आपल्या हाताने एक पितळी किटली भरली, आणि नुकुई साहेबांनी झाकणावर आणि तोटीवर कागदी पट्ट्या चिकटवून त्यांवर सही केली.

"साहेब, तोटी बंद करू नका," इकुए म्हणाली. "ती जिवंत आहे अजून."

"नियमात जिवंत असा प्रकार नाही, वहिनी."

किटली पालखीच्या खाली, देवाच्या पायाशी बांधली गेली. भोई तोवर बऱ्यापैकी प्यायलेले होते. प्यायलेल्या चोवीस माणसांनी खांद्यावर देव घेऊन एकशे सत्याऐंशी पायऱ्या उतरणं हे दरवर्षीचंच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. इकुए मागून चालली होती. तिने अजून दारूचा थेंब घेतला नव्हता. वर बायका दोन दोन वाट्या घेऊन 'इकुए, अगं, कशी झालीय बघ तरी' म्हणत होत्या, पण तिने त्यांच्या तोंडांकडे बघायचंही टाळलं. आधी आई, मग आपण.

गावातून पालखी व्यवस्थित हिंदकळत आली. आणि आजीच्या घराच्या गल्लीशी येऊन थांबली.

पुढचा प्रकार आधी कुणाच्या ध्यानात आला नव्हता. प्रत्येक भोयाने मनाशी घट्ट ठरवलं होतं की आपण वळवायची नाही, देवाला वळवू द्यायची. चोवीसच्या चोवीस जण न वळवता उभे. पालखी जागच्या जागी गोल फिरू लागली. एक फेरी झाली, दुसरी झाली. पुढचे म्हणत, मागून येतंय. मागचे म्हणत, पुढून ओढतंय. आणि खरं तर कुठूनच काही होत नव्हतं. नुकुई साहेब वही घेऊन कडेला उभे, कुणाच्या पायाला मुद्दाम जोर लागतो का हे बघत. सातव्या फेरीला तेत्सुओचा चेहरा हिरवा पडला.

"देव विचार करतोय," पुजारी म्हणाले.

"लवकर कर म्हणावं," हायासाका म्हणाले. "मागच्या दोघांना ओकारी येतेय. रस्त्यावर पडलं तर ते आवाराबाहेर धरायचं का हो, साहेब?"

नुकुई साहेब पांढरे पडले आणि पानं उलटू लागले. इकुएला वाटलं, आता जावं आणि दांडा धरून ओढावी ही पालखी. पण बाईने पालखीला हात लावायचा नाही, आणि मुद्दाम ओढलेली तर मोजायचीच नाही. ती किटलीकडे बघत उभी राहिली. तोटीवरची कागदी पट्टी फुगत होती.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून, दारं नसलेल्या घरातून, आडव्या माणसाचा पण चांगला खणखणीत आवाज आला.

"कोण आहे तिथे मघापासून? यायचं असेल तर या. नाहीतर वाट मोकळी करा. उगाच दारात घोळ नको."

भाजीवाल्याला बोलावं तशी. पालखी थांबली. आणि मग, नंतर चोवीसही जणांनी शपथेवर सांगितलं की आम्ही काही केलं नाही, ती सरळ गल्लीत शिरली. नुकुई साहेबांनी वहीत लिहिलं: 'बोलावल्यावरून देव गेला.' ते खोडलं. 'देव गेला' एवढंच ठेवलं.

पालखी उपटलेल्या खांबांच्या मधून, व्हरांड्यातून थेट मोठ्या खोलीत आली आणि चटयांवर टेकली. आजीने मान वर केली. देव आणि ती समोरासमोर.

"दारं याच्यासाठी काढली होय," ती म्हणाली. "सांगायचं तरी. मी केस विंचरले असते."

पुजाऱ्यांनी पेंढ्याची दोरी ताणली. पालखीपासून चारी बाजूंना दोन दोन मीटर, नुकुई साहेबांच्या टेपने. दोरीला पांढऱ्या कागदाच्या घड्या लटकल्या, टाळ्या वाजल्या, मंत्र झाला, खोलीचं देऊळ झालं. मग लक्षात आलं की खाटेचा पायथा देवळात आहे आणि आजीचं डोकं घरात.

"खाट फिरवावी लागेल," नुकुई म्हणाले. "तोंड आत हवं. पाय बाहेर राहिले तरी हरकत नाही."

चार भोयांनी खाट फिरवली. त्यातल्या एकाचं कोपर बटणावर पडलं आणि आजी हळूहळू वर जाऊ लागली. वर पोचल्यावर तिने खाली जमलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं, बेचाळीस वर्षं शिडीवरून पाहायची तसं, आणि मग तेत्सुओने तिला खाली आणलं.

इकुएने किटली दोन्ही हातांनी घेतली. किटली आतून थरथरत होती. नुकुई साहेब पुढे झाले, सही तपासली आणि तोटीवरची पट्टी नखाने सोलली.

तोटीतून आधी एक लांब उसासा आला. मग पांढरी दारू कारंज्यासारखी वर उडाली, पुजाऱ्यांच्या टोपीवर पडली, तिथून चटईवर. झाकणही उडालं. किटलीतून फेस उतू जाऊ लागला आणि चटयांच्या फटीतून एक पांढरा ओघळ ऐटीत दोरीच्या दिशेने निघाला.

"बाहेर चाललीय," हायासाका म्हणाले.

नुकुई साहेब खाली बसले नाहीत, पडले. गुडघ्यांवर, कोपरांवर, रुमाल काढून त्यांनी ओघळापुढे बांध घातला. ओघळ रुमालाला वळसा घालून गेला. त्यांनी बाही लावली. ओघळ दोरीपासून वीतभरावर आला, चार बोटांवर आला. सहा वर्षांत एक थेंब बाहेर जाऊ न दिलेला तो माणूस हातापायांवर उभा राहून त्या थेंबाकडे बघत होता, आणि मग त्याने एक हात लांब केला, दोरीचा खुंट उचलला, आणि हातभर पलीकडे नेऊन ठेवला.

"चारी बाजूंना दोन मीटर होते ना मघाशी?" पुजाऱ्यांनी हळूच विचारलं.

"मी पालखीच्या दांड्यापासून मोजायला हवं होतं," नुकुई साहेब जमिनीवरूनच म्हणाले. "दांडा बाहेर आलेला आहे."

ओघळ खुंटाच्या अलीकडे येऊन थांबला. साहेब उठले. हातातला रुमाल चिंब होता, आणि आता त्याचं काय करावं हे त्यांना कळेना. खिशात ठेवला तर तो आवाराबाहेर जाणार.

"पिळा आणि पिऊन टाका," आजी खाटेवरून म्हणाली.

"मी कामावर आहे, आजी."

"मग कामच करा."

साहेबांनी देवाकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि रुमाल तोंडात पिळला. बराच वेळ ते पाठमोरे उभे राहिले. वळले तेव्हा त्यांनी टाय सैल केला होता.

किटलीत अर्धी उरली होती. इकुएने लाल पसरट वाटी भरली आणि आजीच्या ओठांना लावली. आजी दारू कायम एका दमात प्यायची, तोंड पुसायची आणि पुढच्या कामाला लागायची. आज तिने घोट घेतला आणि तोंडातच ठेवला. मग चावू लागली. एक एक शीत. खोलीत चोवीस भोई, पुजारी, अध्यक्ष, सरकार आणि देव, सगळे तिच्या जबड्याकडे बघत होते.

"हंडा सोडला नव्हतास," ती म्हणाली.

इकुएने मान खाली घातली. "नाही, आई."

"ठाऊक आहे. दारूत बुडालेला हंडा असा वाजत नाही. फरशीवर ठेवलास तू."

"मग बोलला का नाहीत तेव्हा?"

"रोज वाट बघत होते. आज घाबरून सोडशील, उद्या सोडशील. रोज ऐकत होते." आजीने दुसरा घोट घेतला, मुंगीने घ्यावा एवढा. "आंबट झालीय."

हायासाकांनी खिशातून गाळलेल्या दारूच्या एका कारखान्याचं पत्रक काढलं होतं, पुढच्या वर्षीसाठी, ते अर्धवट बाहेर तसंच राहिलं.

"माझी कधी इतकी आंबट झाली नाही," आजी म्हणाली. "मी होऊच दिली नाही. आंबट व्हायला लागली की हंडा. बेचाळीस वर्षं." तिने तिसरा घोट घेतला. "आणि ही मेली तोंडात नाचतेय."

"आजी, शिक्का," नुकुई साहेब नमुना सात पुढे करून मऊपणे म्हणाले. "सूर्य मावळायला तासभर आहे."

"एवढ्यात कळत नाही."

दुसरी वाटी झाली. भोई व्हरांड्यात बसले, मग आडवे झाले, मग अंगणात कुणीतरी घोरू लागलं. आजी मुंगीचे घोट घेत होती, मध्येच डोळे मिटत होती. तिसऱ्या वाटीला तिने शिक्का मागितला. इकुएने तिच्या उशाजवळच्या डबीतला शिक्का काढून तांबड्या शाईवर टेकवला, तिच्या बोटांत दिला आणि स्वतः दोरीबाहेर दाराशी जाऊन उभी राहिली.

"चौकोन दोनच?" आजीने कागद पाहून विचारलं.

"दोनच."

"'माझ्यापेक्षा आंबट' असा नाही?"

"नाही, आजी."

"घाईघाईत छापलेला दिसतोय," ती म्हणाली, आणि शिक्का 'योग्य'वर दाबला. मग इकुएकडे पाहिलं. "तू प्यायलीस का?"

"नाही अजून."

"एकतीस वर्षं घरात आहेस, अजून दाराशी उभी राहतेस. दोरीच्या आत ये."

इकुए दोरी ओलांडून आत आली आणि खाटेच्या कडेला टेकली. त्याच वाटीतून तिने पहिला घोट घेतला. दारू जिभेवर टोचली, मग आंबट लागली, मग कुठून तरी गोड आली, आणि शीत दाताखाली फुटलं. सासू तिच्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती.

"चला तर मग," पुजारी टोपी पुसत उठले. "देवाला वर न्यायला हवं. आजी, निघतो आम्ही."

"निघा की. कुणी अडवलंय?" आजी म्हणाली. "किटली तेवढी राहू दे."

"किटली राहणार नाही, आजी," नुकुई साहेब म्हणाले. त्यांना ते सांगताना मनापासून वाईट वाटत होतं, शिवाय जीभही जरा जड झाली होती. "देव उठला की दोरी उठली. दोरी उठली की आवार गेलं. उरलेली दारू देवाबरोबर परत."

आजीने किटलीकडे पाहिलं. देवाकडे पाहिलं. रजई छातीपर्यंत ओढून घेतली.

"मग देव राहू दे," ती म्हणाली. "दमलाय तो."

पुजाऱ्यांनी नुकुई साहेबांकडे पाहिलं. नुकुई साहेबांनी देवळाच्या वहीतलं न्हाव्याच्या दुकानाचं पान शोधायला घेतलं; तिथे 'संध्याकाळपर्यंत' असं होतं, पण कुठल्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत ते लिहिलेलं नव्हतं. ते तसं म्हणाले आणि टाय काढून त्यांनी घडी घातली.

इकुएने वाटी पुन्हा भरून सासूच्या हातात दिली. मग ती उठली, बाह्या वर केल्या, आणि तीस माणसांच्या जेवणाचा तांदूळ धुवायला स्वयंपाकघरात गेली.